लाईनच्या टोपणावरचे पंधरा सेकंद

माझी भाची सहा वर्षांची, तिला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि गेल्या वर्षी आमचं अर्धं घर कोल्हापुरातल्या एका वॉर्डातच राहायला गेलं म्हणा. तिथं एक शब्द दिवसभर कानावर पडायचा, लाईन. दंडाच्या शिरेतून आत सरकवत हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक मऊ नळी. केमो, अँटिबायोटिक, रक्त, सगळं तिच्यातूनच जातंय. पोरांच्या शिरा दोऱ्यासारख्या, आणि केमोची काही औषधं इतकी जहाल की बारीक शीर होरपळून जाते, त्यामुळं लाईनशिवाय इलाज नाही. पण ही नळी म्हणजे थेट रक्तात उघडणारं दार पण आहे, आणि ते दार कसं सांभाळायचं हे आम्हाला पहिले कित्येक दिवस कुणी नीट बसवून सांगितलंच नाही, म्हणून हे लिहितोय.

जंतू येतात कुठनं? बऱ्याचदा आपल्याच कातडीवरनं. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस नावाचा जंतू तुमच्या माझ्या सगळ्यांच्या अंगावर असतोय, त्याचा काही त्रास नसतो. पण तोच लाईनच्या टोपणावरनं, म्हणजे नळीच्या बाहेरच्या टोकाला जिथं सिरिंज जोडतात तिथनं, आत गेला की प्लास्टिकला चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. पावसाळ्यानंतर पंचगंगेच्या घाटावर पाय ठेवून बघा, पायरीवर जो बुळबुळीत थर असतोय ना, तसंच. वरनं बादलीभर पाणी ओतलं तरी तो हलत नाही, खराट्यानं घासावं लागतं. नळीच्या आत काही खराटा घालता येत नाही आणि अँटिबायोटिक त्या थरात खोलवर पोचत नाही, म्हणून कधीकधी चांगली चाललेली लाईन काढूनच टाकावी लागते.

म्हणूनच ते टोपण घासणं. औषध जोडण्याआधी प्रत्येक वेळी स्पिरीटच्या बोळ्यानं टोपण गच्च धरून, पिळवटल्यासारखं, सुमारे पंधरा सेकंद घासायचं आणि मग वाळू द्यायचं. नुसतं पुसायचं नाही. आमच्या वॉर्डात रात्रपाळीच्या एक सिस्टर होत्या, त्या ओठातल्या ओठात आकडे मोजत घासायच्या, आणि दुसरे एकजण बोळा टेकवल्यासारखा करून लगेच सिरिंज जोडायचे. ताई बघायची पण बोलायला घाबरायची. बोलायला पाहिजे होतं.

ही साधी कामं किती मोठी आहेत ते अमेरिकेत दिसलं. पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरांनी मिशिगन राज्यातल्या आयसीयूंमध्ये पाच गोष्टींची यादी लावली: हात धुणे, क्लोरहेक्सिडीन ह्या जंतुनाशकानं कातडी साफ करणे, लाईन घालताना पूर्ण गाऊन-मास्क-चादर, शक्यतो जांघेत लाईन नको, आणि गरज संपली की लाईन लगेच काढणे. २००६ साली निकाल छापून आला. दर १००० लाईन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाईन म्हणजे एक लाईन-दिवस) इन्फेक्शनचा मध्यक, म्हणजे सगळ्या आकड्यांतला मधला आकडा, आधी २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. नवीन औषध एकही नाही.

आता पेशींचं. केमोनंतर न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली जातात, सिस्टर लोक म्हणतात काउंट पडला. अशा वेळी लाईनच्या जागी लाली नाही, पू नाही, सगळं स्वच्छ दिसतंय आणि आत रक्तात जंतू वाढतायत असं होऊ शकतं, कारण पू व्हायला सुद्धा ह्याच पेशी लागतात. बाहेर दिसणारी खूण बऱ्याचदा एकच, ताप. त्यामुळं थर्मामीटर लावायच्या आधी पॅरासिटामॉल द्यायचं नाही, खूण पुसली जाते.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या पेशंटला तर दुसरं दार पण उघडतं. आधीच्या जबर केमोनं तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलपटून निघतं आणि पोटातलेच जंतू रक्तात उतरतात, तिथं लाईन कितीही जपली तरी धोका राहतोच, आणि नवीन पेशी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. किडनी बदललेल्यांचं वेगळं, त्यांच्या पेशी असतात पण किडनी टिकावी म्हणून औषधांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली असते, लघवीतलं इन्फेक्शन रक्तात जायला वेळ लागत नाही.

भाचीला एका रात्री १०१ ताप आला. अँटिबायोटिक तासाभराच्या आत सुरू व्हायला पाहिजे, पण त्याआधी कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायला, रक्त घेतात, एकदा लाईनमधनं आणि एकदा हातातनं. आई लई चिडली, लाईनमधनं रक्त मिळतंय तर पोरीला परत हातात कशाला टोचताय म्हणून. कारण नंतर कळलं. दोन्ही बाटल्या मशीनमध्ये ठेवतात, जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, मशीनला ते कळतं. लाईनमधलं रक्त हातातल्या रक्ताच्या निदान दोन तास आधी पॉझिटिव्ह आलं तर जंतूंनी घर लाईनमध्येच केलंय असं धरतात. आमचं चार तास आधी आलं. लाईन काढली, पुढची कल्चरं निगेटिव्ह आल्यावर दुसऱ्या हाताला नवीन घातली.

आता ती घरी आहे, लाईनसकट. ड्रेसिंग आठवड्याला, ओलं झालं किंवा सुटलं तर लगेच. भेटायला येणारे आधी साबणानं हात धुतात, सर्दीवाले फोनवर बोलतात, पाहुणे रुसले तर रुसू देत. दाराजवळ फाईल आणि कपड्यांची पिशवी भरलेली असते, आणि गल्लीतल्या रिक्षावाल्या मामांना सांगून ठेवलंय, ताप आला तर रात्री दोनला पण फोन येईल, सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही.