कोल्हापूरच्या खेड्यांत एचआयव्हीचा कलंक आला कुठून आणि उतरतोय कसा

देशात एचआयव्हीचं पहिलं निदान १९८६ मध्ये मद्रासला झालं, देहविक्री करणाऱ्या महिलांच्या रक्ततपासणीत. त्या दिवसापासून 'तसल्या बायकांचा रोग' हा शिक्का बसला तो बसलाच. पुढे १९९२ मध्ये नॅको ही एड्स नियंत्रणाची सरकारी संस्था स्थापन झाली, पण सुरुवातीच्या प्रचाराचा सगळा भर भीतीवर होता. कवटीची चित्रं आणि 'एड्स म्हणजे मरण' हेच गावागावात पोचलं. म्हणजे कलंकाचा बराचसा भाग खेड्यानं तयार केलेला नाही, तो भिंतीवरच्या पोस्टरवरून आला, असं माझं मत आहे.

कोल्हापूर जिल्ह्याला पुणे-बंगळूर महामार्ग लागून. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बाहेरून आलेले कामगार, तर आजरा-चंदगड-गडहिंग्लजचे पुरुष वर्षानुवर्षं मुंबईला. संसर्ग बहुतेक वेळा नवऱ्याकडून घरात यायचा, पण कळायचा बायकोमुळे. कारण साधं आहे : गरोदरपणात तिची तपासणी होते, त्याची होत नाही. कागदावर पहिलं नाव तिचं, मग 'हिनंच आणला' म्हणायला सासर मोकळं. नवरा आधीच गेलेला असला तर बोलायलाच नको. वेगळं ताट, वेगळा तांब्या, नाहीतर सरळ माहेरची वाट. त्यात विधवापण. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. त्याआधी कित्येक जणी ही दोन्ही ओझी एकदमच वाहत होत्या.

एकत्र येण्याची वाट शेजारच्या सांगलीत आधी दिसली. तिथं १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था काम करते. तिच्याच कामातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली, म्हणजे 'वॅम्प'. निरोध वाटण्यापासून पोलिसांशी भांडण्यापर्यंत बायका स्वतःच पुढे. ज्यांच्यावर बोट दाखवलं जात होतं त्यांनीच आधी संघटना बांधली. 'घरंदाज' म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना आपापसात बोलायला त्यामानानं उशीर लागला, हे मुद्दाम नोंदवायला हवं.

एप्रिल २००४ पासून एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली आणि चित्र पालटलं. पूर्वी रक्तातल्या सीडी-फोर पेशी (रोगाशी लढणाऱ्या) ठरावीक आकड्याखाली उतरल्यावरच गोळ्या मिळत. २०१७ पासून निदान झालं की उपचार सुरू. गोळी रोज वेळेवर घेतली तर विषाणू इतका दबतो की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. पण गोळ्या घरी ठेवायच्या कुठं? प्लॅस्टिकच्या बाटलीवरचं लेबल खरवडायचं, गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस भरायचा आणि बाटली डाळीच्या डब्यात खोल दाबायची, ही युक्ती बायका एकमेकींना सांगतात. ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून कुणी जवळचं केंद्र सोडून लांबचं गाठते.

आधारगट जमले ते याच औषधांच्या रांगेत. महिन्याच्या त्याच तारखेला तेच चेहरे. आधी नुसती मान हलवायची, मग 'कुठल्या तुम्ही?', मग एसटी स्टँडवर एकत्र चहा. दोन वर्षं गोळ्या घेऊन उसाच्या भांगलणीला जाणारी बाई समोर बसलेली पाहिली की नवखीला समुपदेशकाच्या दहा बैठकांइतका धीर येतो. पुढं त्यातलीच कुणीतरी तिच्या सासरी जाऊन तिथंच जेवते, त्याच ताटात. भाषणापेक्षा ते जास्त लागू पडतं.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं (अंमल सप्टेंबर २०१८ पासून) संमतीशिवाय तपासणी आणि माहिती फोडणं यांना मनाई केली, आणि राहत्या घरातून हाकलता येणार नाही असा हक्क दिला. सासरच्या घरात राहण्यासाठी बायकांना हाच सर्वांत उपयोगी. संजय गांधी निराधार योजनेतही एचआयव्हीग्रस्तांना अनुदान मिळतं, मात्र त्यासाठी अर्ज गावच्या तलाठ्याच्या नजरेखालून गेला की गुपित उरेल का, ही धास्ती. म्हणून अर्ज भरायला गटातल्या दोघी-तिघी बरोबर जातात, आणि कोणाचा कागद कोणत्या कारणासाठी आहे हे बाहेरच्याला पटकन उमगत नाही.