घरामागे बाग करायची असेल, तर कंपाउंडची भिंत बांधण्याआधी फोन करा

"फरशी बसली, रंग झाला, आता फक्त बाग राहिली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वास्तुशांत आहे, तोवर मागे हिरवळ पाहिजे." मार्च लागला की असे फोन आम्हाला रोज येतात. त्यापाठोपाठ विचारणा होते ती भावाची, फुटाला किती घेता? प्रत्येकाला फोनवर पुरेसं सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आमचा सर्वांत जास्त वेळ झाडं लावण्यात जात नाही, डबर उपसण्यात जातो. बांधकाम संपत आलं की फुटक्या विटा, टाइल्सचे तुकडे, प्लास्टरचा गळालेला माल आणि सिमेंटच्या गोण्या मागच्या मोकळ्या जागेत ढकलल्या जातात. त्यावर दोन ट्रॉल्या काळी माती पसरली की जागा छान तयार दिसते. घरमालकही समाधानी असतो.

जळगावात पिंप्राळ्याकडे एका घरी आम्ही लिंबासाठी पहिली पहार मारली, तर सहा-सात इंचांवरच ती खणकन वाजली. माती बाजूला केली. खाली आख्खी गोणी होती, आतलं सिमेंट गोणीच्याच आकारात दगड झालेलं. तिच्याखाली टाइल्सचा थर, त्याखाली खडी. जेसीबी आणावा तर बाजूची गल्ली साडेतीन फुटांची आणि भिंत चारी बाजूंनी पूर्ण. शेवटी चार माणसांनी घमेल्यांनी तो माल बाहेर काढला, त्यात आठ दिवस गेले. मजुरी ग्राहकाला भरावी लागली आणि त्या ताईंना वाटलं, आम्ही काम लांबवतोय. भिंत होण्याआधी बोलावलं असतं तर जेसीबीने हेच काम एका सकाळी उरकलं असतं.

"झाडं तर लहान आहेत, वरच्या मातीत लावून टाका," असं बरेच जण म्हणतात. आम्ही ते करत नाही, आणि त्यासाठी दोन-चार कामं हातची गेली आहेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो तेव्हा वरची अर्धा फूट माती तव्यासारखी तापते. झाड जगतं ते खाली गेलेल्या मुळांवर. खाली डबर असेल तर मुळं वरच फिरत राहतात आणि पहिल्या उन्हाळ्यातच झाड माना टाकतं. दुसरी गोष्ट चुन्याची. आपली काळी माती मुळातच विम्लधर्मी असते, तिचा सामू (pH) बहुतेक ठिकाणी 7.5 ते 8.5 असतो. त्यात सिमेंटचा चुना मिसळला की मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जास्वंद, गुलाब, लिंबू, मोसंबीवर हे लगेच दिसतं. लोहाची फवारणी केली की महिनाभर बरं दिसतं, पुन्हा तेच.

लवकर बोलवण्याचा आणखी एक फायदा आहे. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट टाकण्याआधी त्याखालून चार इंची पीव्हीसी पाइपचा एक तुकडा आडवा टाकून ठेवला, तर पुढे ठिबकची नळी आणि दिव्याची वायर त्यातूनच नेता येते. काही शे रुपयांचं काम. ते राहून गेलं की बसवलेले ब्लॉक उचलावे लागतात.

आम्ही आल्यावर आधी पाण्याचं विचारतो. बोअर आहे का, त्याचं पाणी खारट किंवा जड आहे का, नळ किती दिवसाआड येतो, टाकी केवढी. मग फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरतो, ते जिरलं की पुन्हा भरतो आणि दुसऱ्यांदा किती वेळात जिरतं ते बघतो. काळी माती कोरडी असताना भेगांतून पाणी गटागट पिते, भिजून फुगली की वाट बंद करते. म्हणून पहिल्या खड्ड्यावर विश्वास ठेवायचा नसतो. पाणी तासन्‌तास तसंच राहिलं तर तिथे वाफे उंच करावे लागतात, नाहीतर पावसाळ्यात मुळं सडतात. उन्हात जळालेल्या झाडांइतकीच श्रावणात बुडालेली झाडं आम्ही उपटली आहेत.

हिरवळीचं. आम्ही ती लावून देतो, पण आधी हिशेब सांगतो. मे महिन्यात लॉनला चौरस मीटरला रोज साधारण 6-7 लिटर पाणी लागतं. 500 चौरस फुटांच्या तुकड्याला रोज 300 लिटरच्या आसपास. तुमच्याकडे तेवढं पाणी असेल तर खुशाल करा. नसेल तर बसायच्या जागेपुरती हिरवळ ठेवा आणि बाकी जागेत सावली उभी करा. प्लास्टिकची हिरवळ उघड्यावर घालू नका, दुपारी तिच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.

सावलीसाठी पश्चिमेची बाजू पहिली. संध्याकाळचं ऊन भिंतीत साठतं आणि रात्री घरात उतरतं. तिथे बहावा, कांचन, करंज चांगले येतात. कडुनिंबही, पण घरापासून 15-20 फूट जागा असेल तरच. काळ्या मातीत मोठं झाड पायाजवळचं पाणी ओढून घेतं, माती आकसते आणि भिंतीला तडे जाऊ शकतात. कडीपत्ता, सीताफळ, लिंबू, पारिजातक, मोगरा, बोगनवेल ही आपली खात्रीची मंडळी. ठिबक कसं चालतं हे रावेर-यावलच्या केळीवाल्यांना आम्ही काय सांगणार, पण घरच्या बागेत फिल्टर धुवायचं आणि नळीचं टोक उघडून क्षार बाहेर सोडायचं हमखास विसरलं जातं. ड्रिपर बंद पडलेला झाड वाळल्यावर कळतो.

आता आखाजीचं. एप्रिल-मे हा रोपं लावायचा काळ नाही, खड्डे तापू द्यायचा आहे. उन्हात तापलेल्या खड्ड्यातल्या किडी, बुरशी कमी होतात, हे आपल्या आजोबांनाही माहीत होतं. म्हणून आम्ही आखाजीपर्यंत खोदाई, ठिबक, पायवाट, बसायचा ओटा पूर्ण करतो आणि चांगले दोन-तीन पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ओली पण चिखल नाही अशी झाली, की लागवड करतो. वास्तुशांतीला पाहुण्यांपुढे मागची जागा ओकी दिसू नये, म्हणून कुंड्यांतली मोठी झाडं आठ दिवस भाड्याने देतो. आमच्याकडून पूर्ण काम करून घेणाऱ्यांना त्याचं भाडं लावत नाही.

फुटाचा भाव आम्ही फोनवर सांगत नाही. खाली काय पुरलंय हे न बघता सांगितलेला भाव नंतर वाढतोच, आणि मग वाद होतात. जागा बघायचे 500 रुपये घेतो, काम दिलंत तर ते बिलातून वजा होतात. शंका वाटली तर मातीचा नमुना कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यायला लावतो. आमच्याकडे काम बघणारे दोघे उद्यानविद्या शिकलेले आहेत. काम दुसऱ्या कोणाला दिलंत तरी एवढं करा: त्यांनी केलेली, दोन उन्हाळे काढलेली बाग दाखवायला सांगा आणि ती मे महिन्यातच जाऊन बघा. ऑगस्टमध्ये सगळ्यांच्याच बागा हिरव्या असतात. जो माणूस पहार न मारता, पाण्याचं न विचारता सरळ रोपांची यादी देतो, त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

ऑगस्टअखेरपर्यंत आम्ही लावलेलं झाड पुढच्या उन्हाळ्यात गेलं, आणि ठिबक सांगितलेल्या वेळापत्रकाने चालू होतं, तर झाड बदलून देतो. लॉनला ही हमी नाही.

फोन करण्याआधी मागच्या जागेचे दोन फोटो काढून ठेवा, एक सकाळी नऊचा आणि एक दुपारी चारचा. सावली कुठे पडते ते त्यात कळतं. आणि बांधकाम चालू असेल तर ठेकेदाराला आजच सांगा, डबर मागे टाकू नकोस, आणि जेसीबी जाईल एवढी एक बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेव.