टीव्ही चर्चेतला खोटेपणा: निवेदकापुढचा पेच कसा वाढत गेला

२२ जानेवारी २०२२ रोजी काँग्रेसने आपल्या गोव्यातल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेलं. निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, अशी शपथ त्यांना देण्यात आली. १४ सप्टेंबरला पक्षाच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. त्यांच्यातले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी पत्रकारांना सांगितलं, की आपण पुन्हा देवळात गेलो, देवाला विचारलं आणि देवाने योग्य वाटेल ते करायला सांगितलं. शपथेचं चित्रीकरण उपलब्ध आहे, पक्षांतराचंही आहे. असं उत्तर थेट प्रक्षेपणात आलं तर निवेदकाने काय करावं, हा प्रश्न तेव्हापासून गोव्यातल्या प्रेक्षकाच्या मनात आहे. अडवलं तर ‘बोलू देत नाहीत’, सोडून दिलं तर ‘सेटिंग आहे’. हा पेच गोव्याने निर्माण केलेला नाही. त्याची मुळं टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात सापडतात.

ब्रिटनमध्ये बीबीसीवर १९५०च्या दशकापर्यंत चौदा दिवसांचा एक नियम होता. पुढच्या पंधरवड्यात संसदेत ज्या विषयावर चर्चा व्हायची आहे, त्यावर प्रक्षेपणात वाद घालायचा नाही. नेता स्टुडिओत यायचा तो मान घ्यायला, उत्तरं द्यायला नव्हे. १९५६च्या सुएझ संकटात हा नियम मोडीत निघाला. फेब्रुवारी १९५८मध्ये आयटीएन या खासगी वृत्तसंस्थेच्या रॉबिन डे यांनी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांना त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांवर होणाऱ्या टीकेबद्दल थेट विचारलं. मॅकमिलन यांनी शांतपणे उत्तर दिलं. वाद पेटला तो बाहेर: निवेदकाने पंतप्रधानांना असं विचारावं का? आज या प्रश्नाचं नवल वाटतं, पण टीव्हीवरच्या उलटतपासणीची सुरुवात तिथूनच धरावी लागते.

या पद्धतीचं सर्वात गाजलेलं उदाहरण १३ मे १९९७चं. माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांनी तुरुंग विभागाच्या प्रमुखाचा निर्णय डावलण्याची धमकी दिली होती का, एवढाच प्रश्न बीबीसीच्या जेरेमी पॅक्समन यांनी त्यांना विचारला. हॉवर्ड आपल्या अधिकारकक्षेबद्दल बोलत राहिले, पॅक्समन तोच प्रश्न विचारत राहिले, सुमारे डझनभर वेळा. आवाज चढला नाही, कुणी कुणाला खोटारडं म्हटलं नाही. हॉवर्ड यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं नाही आणि तेच प्रेक्षकाला पुरेसं होतं. हे जमलं ते समोर एकच पाहुणा होता, वेळ होता आणि प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत देता येण्याजोगं होतं म्हणून. माझ्या मते या तीन गोष्टी नसतील तर निवेदक कितीही हुशार असो, त्याची हुशारी फुकट जाते. पुढचा सगळा इतिहास या तिन्ही गोष्टी हातातून कशा निसटल्या याचाच आहे.

भारतात दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ला सुरू झालं, पण प्रश्नोत्तरांचा अवकाश मिळायला पंचवीसेक वर्षं गेली. १९८०च्या दशकाच्या मध्यात ‘जनवाणी’ या कार्यक्रमात सामान्य माणसं मंत्र्यांना समोरासमोर प्रश्न विचारू लागली. सरकारी वाहिनीवर हे घडणं मोठंच होतं.

गोव्यात त्याआधीच्या वादांचं मैदान छापील होतं. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाआधी ‘गोमन्तक’ गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने आणि ‘राष्ट्रमत’ विरोधात लढत होता. दोन्ही दैनिकं मराठी, दोन्हींचा वाचक बराचसा तोच. ‘राष्ट्रमत’मधलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ सदर त्या काळात घरोघर वाचलं गेलं. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळलं गेलं. त्या लढाईत अतिशयोक्ती होती, बोचरी भाषा होती, पण एका पेपरातला दावा दुसऱ्यात खोडायला रात्रभराचा अवधी मिळायचा. वाचकाला दोन्ही कात्रणं शेजारी ठेवून पाहता यायची. थेट प्रक्षेपणात हा अवधी जातो. दावा आणि त्याचं खंडन एकाच मिनिटात व्हावं लागतं, आणि तयारी नसेल तर दावा जिंकतो.

खासगी वृत्तवाहिन्या आल्या तेव्हा आधी मुलाखतीच होत्या. ऑक्टोबर २००७मध्ये करण थापर यांच्या कार्यक्रमातून गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी तीनेक मिनिटांत उठून गेले. निवेदकाने न डगमगता विचारलं, पाहुण्याने उत्तर नाकारलं, आणि ते नाकारणं सगळ्यांनी पाहिलं. पण भाजपचे नेते पुढे आपल्या कार्यक्रमांना येईनासे झाले, असं थापर यांनीच नंतर सांगितलं आहे. कठोर मुलाखतीची ही किंमत प्रत्येक संपादक मनात धरून असतो. नेता एकट्याने बसायला तयार नसेल, तर त्याच्या जागी प्रवक्ता येतो. आणि प्रवक्ता आला की त्याच्यासमोर दुसऱ्या पक्षाचा प्रवक्ता बसवावा लागतो.

पडद्यावरच्या खिडक्यांत अनेक पाहुणे बसवून होणारी चर्चा अशी रुळली. तिच्यामागे पैशाचाही हिशेब आहे. सत्तरी तालुक्यातल्या गावात वार्ताहर, कॅमेरामन आणि गाडी पाठवून दिवसभराच्या कष्टाने जी बातमी मिळते, तिच्यापेक्षा सहा माणसांना जोडून तासभर बोलायला लावणं स्वस्त पडतं. भांडण जितकं जोरात तितका प्रेक्षक थांबतो, अशी समजूत टीआरपीच्या स्पर्धेत पक्की झाली. त्यात निवेदकाच्या कानातल्या इअरपीसमधून कंट्रोल रूम बोलत असते: याला तोडा, त्याच्याकडे जा, ब्रेकला वीस सेकंद. एका बाजूला पाहुण्याचं खोटं, दुसऱ्या बाजूला कानातला आवाज. या अवस्थेत कुणाला पाठपुरावा सुचेल? गोंधळ घालणाऱ्या प्रवक्त्याला हे नेमकं कळतं. आपलं खोटं उघडं पडायची वेळ आली की तो आवाज वाढवतो, बाकीचे बोलू लागतात, प्रश्न हरवतो. सगळं स्वतःलाच माहीत असल्याच्या थाटात ओरडणारे काही निवेदकही त्याच्या कामीच येतात.

यावर उपाय शोधले गेले, आणि त्यांतून काय हाती लागलं हेही आता पुरेसं दिसलं आहे. अमेरिकेत २९ सप्टेंबर २०२०ची अध्यक्षीय चर्चा व्यत्ययांनी वाया गेली. त्यानंतर २२ ऑक्टोबरच्या चर्चेत प्रत्येक विषयावरच्या सुरुवातीच्या दोन मिनिटांत दुसऱ्याचा माइक बंद ठेवला गेला. गोंधळ कमी झाला. मग २०२४मध्ये दोन वेगळे प्रयोग झाले. २७ जूनला सीएनएनने माइक बंद ठेवले, पण निवेदकांनी दावे दुरुस्त करायचे नाहीत असं ठरवलं. चर्चा शांत झाली, चुकीचे दावे तसेच हवेत राहिले. १० सप्टेंबरला एबीसीवर डोनाल्ड ट्रम्प यांनी ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावात स्थलांतरित लोक पाळीव प्राणी खातात असं म्हटलं. तेव्हा निवेदक डेव्हिड म्यूर यांनी सांगितलं, की वाहिनीने गावाच्या प्रशासकीय प्रमुखाशी संपर्क साधला होता आणि असा विश्वासार्ह अहवाल नसल्याचं त्यांनी सांगितलं आहे. या एका वाक्यामागे चर्चेआधीचं काम होतं. दावा येणार हे ओळखून कुणीतरी फोन केला होता. माइक बंद करण्याने व्यत्यय थांबतो. खोटं थांबवायला असा फोन आधी करावा लागतो.

भारतात उपाय बहुतेक बाहेरून आले. न्यूज ब्रॉडकास्टर्सनी २००८मध्ये माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली स्वनियमन प्राधिकरण नेमलं. मे २०२२मध्ये एका टीव्ही चर्चेतल्या वक्तव्यावरून देशाबाहेरही पडसाद उमटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये द्वेषमूलक भाषणांविषयीच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने निवेदकाची भूमिका अत्यंत महत्त्वाची असल्याचं म्हटलं. सप्टेंबर २०२३मध्ये विरोधी आघाडीने चौदा निवेदकांच्या कार्यक्रमांना प्रवक्ते न पाठवण्याचं जाहीर केलं. खोट्या आणि अर्धसत्य मजकुराला मनाई तर केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमावलीतल्या कार्यक्रम संहितेत १९९४पासूनच आहे. नियम कमी नाहीत. चर्चा चालू असताना कामी येईल असं त्यांत फारसं काही नाही.

गोव्यात अडचणीचं स्वरूप थोडं निराळं आहे. चाळीस मतदारसंघ, २०११च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांची वस्ती. स्थानिक वाहिनीचा निवेदक आणि आमदार एकमेकांना लग्नात, जत्रेत, अंत्ययात्रेत भेटत असतात. सरकारी जाहिरातीवर वाहिनीचा मोठा भार असतो. निवेदक मराठीत विचारतो, पाहुणा कोंकणीत बोलतो, मध्येच इंग्रजीत आकडा टाकतो. आरडाओरड राष्ट्रीय वाहिन्यांइतकी होत नाही. इथलं खोटं बहुतेक वेळा सौम्य आवाजात, अर्ध्या आकड्याच्या रूपाने येतं.

कर्नाटकातून गोव्यात येणाऱ्या म्हादई नदीचंच घ्या. जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८मध्ये कर्नाटकला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. चर्चेत एक प्रवक्ता म्हणतो, तेरा टीएमसी गेलं, म्हादई संपली. दुसरा म्हणतो, फक्त ३.९ गेलं, उगाच ओरड चालली आहे. दोन्ही आकडे निवाड्यातलेच आहेत. १३.४२पैकी ८.०२ वीजनिर्मितीसाठी आहे, १.५ म्हादईच्याच खोऱ्यातल्या गरजांसाठी, आणि कळशा नाल्याचं १.७२ व भांडुरा नाल्याचं २.१८ मिळून ३.९ टीएमसी खोऱ्याबाहेर मलप्रभेत वळवायचं. ही चार ओळींची फोड निवेदकाच्या टेबलावर असेल, तर तो दोघांनाही थांबवून विचारू शकतो: तुम्ही कुठल्या पाण्याबद्दल बोलताय? मग पहिल्याला वीजनिर्मितीचं पाणी वेगळं काढावं लागतं, आणि दुसऱ्याला सांगावं लागतं की उन्हाळ्यात सांखळीतून वाहणाऱ्या ‘वाळवंटी’ या नदीची काय स्थिती होईल. हा कागद नसेल तर वीस मिनिटं दोन आकडे एकमेकांवर आदळत राहतात आणि सांखळीचा प्रेक्षक होता तिथेच राहतो. गोव्याने, कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे, त्यामुळे ही चर्चा पुन्हा पुन्हा होत राहणार.

पक्षांतराच्या बाबतीतही असंच आहे. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५मध्ये आली, एक-तृतीयांश फुटीची पळवाट २००३मध्ये बंद झाली, उरली ती दोन-तृतीयांश आमदारांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट. जुलै २०१९मध्ये काँग्रेसचे पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले, २०२२मध्ये अकरापैकी आठ. दोन्ही वेळा आकडा दोन-तृतीयांशाला पुरणाराच निघाला. ‘विकासासाठी गेलो’ या उत्तरावर निवेदकाने संतापायची गरज नाही. त्याने विचारावं, की दहाच का, चारजण का नाही गेले? या प्रश्नाला विकासाचं उत्तर पुरत नाही. कायद्याबद्दल बोलावंच लागतं. आणि पाहुणा तरीही टाळत असेल, तर त्याच्याच जुन्या भाषणाची फीत लावून तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो. त्यासाठी ती फीत शोधून ठेवणारा माणूस वाहिनीने पगारावर ठेवायला हवा, आणि एका तासात सहाऐवजी दोनच पाहुणे बोलवायला हवेत.

मुद्दाम चर्चा उधळायलाच येणाऱ्याला पुन्हा बोलावू नये, हे मी स्पष्टपणे म्हणेन. पण निर्णय कळवावा पक्षाला, कारणासह, लेखी. आणि त्या पक्षाची बाजू दुसऱ्या प्रवक्त्याकडून घ्यावी. प्रेक्षकालाही ते सांगावं. विधानसभेची पुढची निवडणूक २०२७च्या सुरुवातीला अपेक्षित आहे आणि स्टुडिओतल्या खुर्च्यांसाठी पक्षांचे फोन त्याच्या बऱ्याच आधी सुरू होतात. जुन्या फिती काढायच्या, आकड्यांची फोड करून ठेवायची, कोणाला एकट्याने बसवायचं ते ठरवायचं, हे काम त्याआधी होऊ शकतं.