आकडीची निमित्ते

अपस्माराच्या (फेफरे, मिरगी) रुग्णाला आकडी पुष्कळदा अवचित येते. कित्येकांत मात्र तिला ठराविक निमित्त लागते. निमित्त म्हणजे आजाराचे कारण नव्हे. प्रवृत्ती मेंदूत आधीच असते, निमित्ताने ती उफाळते. राहून गेलेली गोळी आणि जागरण ही दोन निमित्ते कोणत्याही वयात चालतात. उपवास, प्रवास, लग्नघर यांत दोन्ही एकदमच घडतात. बाकीची वयाप्रमाणे बदलतात.

6 महिने ते 5 वर्षे या वयात तापात आकडी येऊ शकते. एवढ्यावरून मुलाला अपस्मार आहे असे ठरत नाही. शाळकरी वयात काही मुले क्षणभर टक लावून हरवतात. जोरजोरात श्वास घेतल्याने हा झटका येतो, म्हणून डॉक्टर तपासताना मुलाला भिरभिऱ्यावर फुंकर मारायला लावतात. किशोरवयात एका प्रकारात सकाळी उठल्यावर हातांना हिसके बसतात व कप उडतो. आदल्या रात्रीचे जागरण व दारू त्याला पोषक. लुकलुकता प्रकाशही याच वयात जास्त बाधतो, पण एकूण रुग्णांपैकी सुमारे 3 टक्क्यांनाच. जपानमध्ये 16 डिसेंबर 1997 रोजी दूरचित्रवाणीवरील पोकेमॉन या कार्टून मालिकेतील लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुले रुग्णालयात गेली. अशा वेळी एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा. नुसते डोळे मिटून भागत नाही.

काही स्त्रियांत पाळीच्या सुमारास झटके वाढतात. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडल्यास दोनेक दिवसांत आकडी येऊ शकते. म्हातारपणी रक्तातले सोडियम उतरणे हे सहज नजरेतून सुटणारे निमित्त आहे.

दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, डोक्यावर कढत पाण्याचे तांबे ओतताना आकडी येणारे रुग्ण आढळतात; त्यांत मुलगे अधिक. येथे उपाय न्हाणीघरातच आहे: पाणी कोमट घ्यावे, डोक्यावर थोडे थोडे घ्यावे किंवा अंग ओल्या पंचाने पुसावे. तेवढ्याने न भागल्यास डॉक्टर आंघोळीपूर्वी क्लोबाझाम हे आकडी रोखणारे औषध देतात.

कांदा किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरते आणि श्रेय चपलेला जाते. तोंडात चमचा घालू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे. झटका 5 मिनिटांहून लांबला तर डॉक्टरांनी घरी दिलेला मिडाझोलाम या आकडी थांबवणाऱ्या औषधाचा फवारा नाकात मारून रुग्णालय गाठावे.