कॅलिफोर्नियात न्यायाधीशाची निवडणूक : मतपत्रिकेवर नावाखाली छापल्या जाणाऱ्या व्यवसायाच्या ओळीची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्यांमध्ये (जिल्ह्यासारख्या भागांमध्ये) सुपीरियर कोर्टाचा, म्हणजे जिथे खटला आधी चालतो त्या खालच्या कोर्टाचा, न्यायाधीश सहा वर्षांसाठी लोक निवडून देतात, निदान कागदावर तरी. न्यूयॉर्कने १८४६ साली ही वाट धरली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बरीच राज्ये तिच्यावरून गेली. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या घटनेतही निवडून येणारे न्यायाधीश होते. १८७९ च्या घटनेने प्रत्येक काउंटीला सुपीरियर कोर्ट दिले. १९११ मध्ये मतपत्रिकेवरून उमेदवाराच्या पक्षाचे नाव गेले. १९३४ मध्ये अपिलाच्या कोर्टांसाठी ‘हे न्यायाधीश राहावेत का? हो की नाही’ एवढाच प्रश्न उरला. दोन उमेदवारांची खरी लढत राहिली ती खालच्या कोर्टात.

पक्ष गेला, पण त्याच्या जागी मतदाराच्या हातात काही आले नाही. १९९८ च्या घटनादुरुस्तीने म्युनिसिपल कोर्टे (किरकोळ खटल्यांची कोर्टे) सुपीरियर कोर्टात विलीन करायला वाट दिली आणि २००१ पर्यंत सगळ्या काउंट्यांत ते झाले. त्याआधी म्युनिसिपल न्यायाधीश काउंटीतल्या छोट्या भागातून निवडून येत. आता प्रत्येक जागेला अख्खी काउंटी मतदारसंघ आहे. लॉस एंजलिसमध्ये म्हणजे पन्नास लाखांवर मतदार. एवढ्या लोकांना कुणा वकिलाचे नाव कुठून माहीत असणार?

प्रत्यक्ष उमेदवारी अशी चालते. दहा वर्षे राज्याच्या बारचे, म्हणजे वकिलांच्या संघटनेचे, सदस्यत्व हवे. जागांना क्रमांक असतात आणि कोणत्या क्रमांकावर उभे राहायचे हे उमेदवार स्वतः ठरवतो, म्हणजे कोणत्या न्यायाधीशाला आव्हान द्यायचे हेही तोच ठरवतो. प्राथमिक फेरीच्या १२७ ते ११८ दिवस आधी इराद्याचे घोषणापत्र द्यायचे. नवखे इथेच चुकतात. उमेदवारी अर्जांची मुदत ११३ व्या दिवशी सुरू होऊन ८८ व्या दिवशी संपते, तेवढीच तारीख ते वहीत लिहून ठेवतात. घोषणापत्र हुकले की अर्ज कितीही नीटनेटका असो, उपयोग नाही. पदावरच्या न्यायाधीशानेच ते दिले नाही, तर इतरांना पाच दिवस वाढवून मिळतात. म्हणून जाणकार त्या संध्याकाळी यादी बघायला जातात. शुल्क न्यायाधीशाच्या वार्षिक पगाराच्या एक टक्का, म्हणजे दोन हजार डॉलरांच्या वर. अर्जावर किमान २० मतदारांच्या सह्या लागतात. प्राथमिक फेरीत निम्म्याहून जास्त मते पडली तर तिथेच निकाल, नाहीतर पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये समोरासमोर. मतदार पुस्तिकेतल्या निवेदनाचे पैसे उमेदवाराने भरायचे; मोठ्या काउंटीत ते शुल्काच्या कितीतरी पट होतात. त्यातही फक्त स्वतःची पात्रता लिहायची, प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख चालत नाही.

बहुतेक जागांवर मात्र हे काहीच घडत नाही. मुदतीत समोर कुणी उभे राहिले नाही, तर पदावरच्या न्यायाधीशाचे नाव मतपत्रिकेवर छापलेच जात नाही; तो निवडून आला असे धरतात. शिवाय मुदत संपण्याआधी न्यायाधीश निवृत्त झाला की गव्हर्नर माणूस नेमतो, आणि त्या जागेची निवडणूक रिक्त झाल्यानंतरची दुसरी १ जानेवारी उलटल्यावरच्या सार्वत्रिक निवडणुकीत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिकामी झालेली जागा नोव्हेंबर २०२६ मध्ये मतदानाला येते. फेब्रुवारी २०२५ मधली थेट नोव्हेंबर २०२८ मध्ये. निवृत्तीची तारीख अशी जपून निवडली जाते, याचे नवल वाटायला नको.

जिथे लढत होते तिथे निर्णायक ठरते ती नावाखालची व्यवसायाची ओळ. नियम साधा: जास्तीत जास्त तीन शब्द, आणि सध्याचा किंवा मागच्या कॅलेंडर वर्षातला मुख्य व्यवसाय. ‘नामवंत’, ‘तज्ज्ञ’ अशी विशेषणे बाद. पण फौजदारी खटले चालवणाऱ्या सरकारी वकिलांनी यातून सोय काढली. ‘गँग होमिसाइड प्रॉसिक्युटर’ हे तीन शब्द आणि तिन्ही खरे; फक्त ही काही हुद्द्याची पाटी नव्हे. समोरच्याच्या नावाखाली नुसते ‘अॅटर्नी’. मतदाराकडे दुसरे काहीच नसताना खुनी टोळ्यांशी लढणारा कुणाला नको असेल?

२०१७ मध्ये कायदा बदलला आणि २०१८ पासून न्यायाधीशपदाच्या उमेदवारांना वेगळा नियम आला. सरकारी नोकरीतल्या वकिलाने नियमात असलेला हुद्दा जसाच्या तसा लिहायचा, किंवा साधे ‘अॅटर्नी’ वा ‘लॉयर’. दोन्हींत नोकरी देणाऱ्या शहराचे, काउंटीचे किंवा राज्याचे नाव जोडायचे. खासगी वकिलाने ‘अॅटर्नी अॅट लॉ’सारखा ठरलेला शब्द वापरायचा. थरारक शब्द गेले हे चांगलेच. पण ‘डेप्युटी डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, काउंटी ऑफ लॉस एंजलिस’ ही फौजदारी सरकारी वकिलाची ओळ आता तीन शब्दांहून लांब आणि जास्तच अधिकृत दिसते. विशेषण काढले, बिल्ला ठेवला. आरोपींच्या सरकारी वकिलांनाही (ऐपत नसलेल्या आरोपींची बाजू मांडायला सरकार नेमते त्यांनाही) तीच सवलत आहे, हे खरे. त्या हुद्द्याला मतदार तसाच भाव देतो का, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही.

पदावर असणे म्हणजे अभय नव्हे, हे २००६ मध्ये लॉस एंजलिसमध्ये दिसले. सुमारे वीस वर्षे काम केलेल्या, परकीय वाटणाऱ्या नावाच्या न्यायाधीशाला बेगलचे दुकान चालवणाऱ्या वकिलाने हरवले. गव्हर्नरने लगेच हरलेल्या न्यायाधीशाला दुसऱ्या जागेवर नेमले. उलट जून २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आरोपींच्या चार सरकारी वकिलांनी चार न्यायाधीशांना आव्हान दिले आणि चौघेही हरले. त्याच दिवशी सांता क्लारा काउंटीत, जिथे मराठी मतदारही बरेच आहेत, एका न्यायाधीशाला रिकॉलने, म्हणजे मुदत संपण्याआधीच मतदान घेऊन, घरी पाठवले गेले. २०१६ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात दिलेल्या सहा महिन्यांच्या शिक्षेवरून गदारोळ उठला, तेव्हा नव्या मुदतीसाठी त्याच्यासमोर उभे राहण्याची तारीख उलटून गेली होती. तो बिनविरोध निवडून आला. मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या २० टक्के सह्या जमवून रिकॉल करणे एवढाच मार्ग उरला होता.

व्यवसायाच्या ओळीवर हरकत घ्यायची तर मजकूर सार्वजनिक पाहणीला ठेवल्यापासून दहा दिवस मिळतात. तो अर्जही सुपीरियर कोर्टातच जातो, म्हणजे ओळ छापायची की खोडायची हे ठरवणारा न्यायाधीश त्या उमेदवाराचा उद्याचा सहकारी असू शकतो.