संशोधनाचे व्यवसायीकरण (मराठवाडा)

विद्यापीठात किंवा संशोधन केंद्रात लागलेल्या शोधातून बाजारात तग धरणारा उद्योग उभा राहावा, म्हणून शास्त्रज्ञाला कायदा, भांडवल आणि ग्राहक मिळवण्याच्या कामी केलेले साहाय्य. मराठवाड्यात या कामाची सुरुवात भेंडीपासून सांगावी लागते.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सावनी’ हा भेंडीचा वाण जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी आपल्या शेतात लावला, त्याचे बी विकले आणि 1964 मध्ये ‘महिको’ ही कंपनी काढली. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे त्या वाणावर केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा) रोग येऊ लागला, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने केवड्याला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ ही भेंडी काढली. बारवाले शास्त्रज्ञ नव्हते, शेतकरी होते; प्रयोगशाळेतल्या माणसाने दुकानही स्वतःच थाटावे हा आग्रह म्हणूनच चुकीचा आहे.

बियाण्याची वाट मळलेली आहे: विद्यापीठाचे मूळ म्हणजे पैदासकार बियाणे, त्यापासून वाढवलेले पायाभूत, मग शेतकऱ्याला विकायचे प्रमाणित. वनस्पतींना भारतात पेटंट मिळत नाही. 2001 च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतपिकाच्या नोंदणीकृत वाणाला 15 वर्षे संरक्षण मिळते.

रसायन, औषध किंवा यंत्राचे तसे नाही. तिथे पेटंट लागते आणि पहिली ठेच तिथेच बसते. बढतीसाठी शोधनिबंध हवा, म्हणून तो आधी छापला जातो. एकदा छापला की, मोजके अपवाद सोडता, शोधाचे नावीन्य संपते आणि पेटंट नाकारले जाते. खरे तर आधी पेटंटसाठी तात्पुरता अर्ज करून ठेवता येतो. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने असतात. हे प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगायला हवे. पेटंटची मालकी सहसा संस्थेकडे राहते आणि उद्योजक परवाना घेऊन स्वामित्वशुल्क भरतो.

त्याहून अवघड टप्पा मधला. चंचुपात्रात दहा ग्रॅम जमलेले द्रव्य दहा टन करताना उष्णता, गाळणी, खर्च सगळेच बदलते. एवढ्यावर बँक कर्ज देत नाही. ‘बायरॅक’ या जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘बिग’ योजनेतून जैवतंत्रज्ञानातील कल्पनेला 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. छत्रपती संभाजीनगरात उद्योजकांच्या संघटनेने उभे केलेले ‘मॅजिक’ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील अटल इन्क्युबेशन सेंटर नवउद्योजकांना हाताशी धरतात. जालन्यात 2018 पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे संकुलही आहे.