ईस्टर म्हणजे इश्तार नव्हे!

दरवर्षी ईस्टर आला की तोच फॉरवर्ड फिरतो, ईस्टर म्हणजे बॅबिलोनची देवी इश्तार, अंडी आणि ससा तिचीच चिन्हं, चर्चने सगळा सण पेगन म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीच्या मूर्तिपूजक लोकांकडून उचलला. हे खरं नाहीये आणि चांगली शिकलेली माणसं पण पुढे ढकलतात म्हणून लिहितेय.

इश्तारची चिन्हं सिंह आणि आठ टोकांचा तारा. अंडी आली उपासातून, मध्ययुगात युरोपात लेंटचे म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस अंडी वर्ज्य असायची पण कोंबड्या काय थांबतात का, मग साठलेली अंडी सणाला उकडून रंगवून खायची. ससा तर जर्मन प्रथा, १७व्या शतकातली.

आणि नाव म्हणाल तर फ्रेंचमध्ये पाक, स्पॅनिशमध्ये पास्कुआ, आपल्या गोव्यात पास्कांचें फेस्त, सगळं मूळ हिब्रू पेसाखवरून, म्हणजे ज्यू लोकांचा सण, मराठी बायबलातला वल्हांडण.

हां, 'ईस्टर' या इंग्रजी शब्दाला पेगन धागा असू शकतो, बीड नावाच्या इंग्लिश साधूने ७२५ च्या सुमारास लिहिलंय की ईस्टर ज्या महिन्यात येतो त्याचं जुनं इंग्रजी नाव एओस्त्रे देवीवरून पडलं. पण सण त्याच्या कितीतरी आधीपासून, दुसऱ्या शतकातच ख्रिस्ती लोक त्याच्या तारखेवरून वाद घालत होते.